पाठपोट एक पान

आमच्या प्रॅक्टिकलच्या परीक्षेला एक कागद सोबत नेता येतो, हे मी घरी सांगितलं तेव्हा आईला ते खोटं वाटलं. "बघून लिवायचा तर मग परीक्षा कसली गो?" ती म्हणाली. मी म्हटलं, बघून लिहायचं नसतं, बघून आठवायचं असतं.  खरं सांगायचं तर या दोन्हींत नेमका फरक काय हे मलाही नीट सांगता आलं नसतं.

विषय डेटाबेसचा होता. म्हणजे माहिती तक्त्यांमध्ये भरून ठेवायची आणि मग एका ठरावीक भाषेत त्या तक्त्यांना प्रश्न विचारायचे. या तक्त्यातली सगळी नावं दाखव, त्यातली फक्त अमक्या गावची निवड, गावाप्रमाणे मोजून दे, असे. भाषा तशी लहान आहे. शब्द इंग्रजी असले तरी रोजच्या वापरातले आहेत. पण क्रम चुकला किंवा एखादा स्वल्पविराम राहिला की मशीन फक्त चूक आहे एवढंच म्हणतं, कुठे आहे ते धड सांगत नाही.

हा विषय दोन्ही सत्रांत असतो, आणि मागच्या सत्रात मी त्यात नापास झाले होते. बाकीचे सगळे सुटले, हा एक राहिला. या वेळी सुटला नाही तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नव्हता. वर्षभर घरी बसावं लागलं असतं, आणि आमच्याकडे मुलगी वर्षभर घरी दिसली की पाहुणे यायला लागतात. बाबा मुंबईला एका कॅन्टीनमध्ये कामाला आहेत. ते तिथे सगळ्यांना सांगतात, मुलगी कम्प्युटरला आहे. कम्प्युटरला म्हणजे कशाला, हे त्यांना कुणी विचारत नाही म्हणून बरं.

कागदाची भानगड अशी झाली की मागच्या परीक्षेला जो तो आपापला कागद घेऊन आला होता. नियम एका पानाचा होता, पण मुलांनी अख्खं पुस्तक बारीक झेरॉक्स करून एका पानात बसवलं होतं. बाहेरून आलेले परीक्षक वैतागले आणि त्यांनी सगळ्यांचेच कागद काढून घेतले. माझ्या कागदावर मोठ्या अक्षरात हाताने लिहिलेल्या अकरा ओळी होत्या, तोही गेला. म्हणून या वेळी मॅडमनी ठरवलं की सगळ्या वर्गाला एकच छापील पान. पाठपोट छापायचं, कॉलेजचा शिक्का मारायचा, आणि त्याशिवाय दुसरा कागद आत न्यायचा नाही. त्या पानावर काय घ्यायचं हे ठरवायला त्यांनी तिघांना नेमलं.

एक आमच्या वर्गात पहिली येणारी मुलगी, जिला सगळे टॉपर म्हणतात. ती शहरातली, तिचे आईवडील दोघंही शिक्षक. दुसरा बंदराकडून येणारा एक मुलगा. त्याच्या घरची बोट आहे म्हणून तो बोटवाला. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप तो चालवतो आणि सगळ्यांची सगळी गाऱ्हाणी त्याच्याकडे असतात. आणि तिसरी मी. मी का, असं मी मॅडमना विचारलं. विचारायला दोन दिवस लागले.

"जिला सगळं येतं तिला काय अडतं ते कळत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुला माहिती आहे."

नापास झाल्याचा असाही उपयोग होतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मला जरा बरं वाटलं आणि जरा वाईटही वाटलं.

पहिल्या बैठकीत आम्ही फक्त यादी केली. ती वहीची साडेनऊ पानं झाली. टॉपरने स्वच्छ अक्षरात लिहून आणलं होतं, त्यातलं एकही अक्षर चुकीचं नव्हतं आणि काढता येण्याजोगंही नव्हतं. बोटवाल्याने ग्रुपवर विचारलं होतं, कुणाला काय हवंय. त्यावर एक्केचाळीस उत्तरं आली होती. एकाला तक्ता तयार करायची आज्ञा संपूर्ण हवी होती. एकीला नावाचं पहिलं अक्षर माहीत असताना शोधायचं कसं ते हवं होतं, कारण टक्क्याची खूण कुठे आणि खालची रेघ कुठे हे तिला आठवत नाही. तिघांनी "सगळंच" असं लिहिलं होतं. एकाने गणपतीपुळ्याच्या बाप्पाचा फोटो टाकला होता, पानाच्या वर छापायला.

"तेवढा तरी घेऊया," बोटवाला म्हणाला. "बाकी पास करणारं काही नाय या यादीत."

"जागा नाही," टॉपर म्हणाली. तिला चेष्टा कळते की नाही हे मला अजून कळलेलं नाही.

जागा नाही, हे वाक्य पुढचे आठ दिवस मी इतक्या वेळा ऐकलं की एसटीत कंडक्टर म्हणाला तरी मला पानच आठवायचं. पालीवरून कॉलेजला येताना मी मांडीवर वही ठेवून ओळी मोजायचे. एका बाजूला बावन्न ओळी, दोन बाजूंना एकशे चार. अक्षर याहून लहान करायचं नाही, असं मॅडमनी सांगितलं होतं. मग खोडायला सुरुवात. जी गोष्ट दोन प्रकारे करता येते तिचा एक प्रकार काढला. जी आज्ञा वर्षातून एकदा लागते ती काढली. खोडलेल्या प्रत्येक ओळीला वर्गात कुणीतरी माय असायचीच. दुसऱ्या दिवशी ती माय वर्गाच्या दारात उभी असायची. "तू तो काढलास? मग मी काय करू?" मी सॉरी म्हणायचे. दोनदा मी काढलेलं परत घातलं, आणि दोनदा टॉपरने ते परत काढलं.

कसंबसं एकशे चार ओळींत बसलं, त्या दिवशी विभागप्रमुख सरांचा निरोप आला. पानाच्या वर कॉलेजचं बोधचिन्ह हवं, खाली ब्रीदवाक्य, त्याखाली विभागाचं नाव, त्याखाली "मार्गदर्शक" म्हणून सगळ्या शिक्षकांची नावं. म्हणजे नऊ ओळी गेल्या. शिवाय शिक्क्याला कोपऱ्यात जागा.

मी मॅडमकडे गेले. मला वाटलं त्या सरांशी बोलतील. त्या पानाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "माझं नाव काढलंस तर चालेल." एक ओळ परत मिळाली.

पुन्हा आठ ओळींची कापाकापी झाली. आज्ञांच्या क्रमाची चौकट मात्र मी सोडली नाही, कारण मागच्या वेळी माझी गाडी तिथेच अडली होती. आधी निवड, मग कुठून, मग अट, मग गट, मग गटाची अट, शेवटी क्रमवारी. टॉपर म्हणाली, हे तर पाठच असतं. मी म्हटलं, तुझं असतं. चौकट राहिली.

मग छपाई. विभागाच्या प्रिंटरला शाई नव्हती, म्हणून स्टँडजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात दिलं. तिथले काका लग्नपत्रिका आणि भजनी मंडळांची पत्रकं करतात. मराठी त्यांचं फार शुद्ध. आज्ञा इंग्रजीत आणि समजावणारी वाक्यं मराठीत, असं आमचं पान होतं. डेटाबेसमध्ये एखादी जागा मोकळी असली, म्हणजे तिथे शून्यही नाही आणि काहीच नाही, तर त्याला नल म्हणतात. त्याबद्दल आम्ही लिहिलं होतं, "नल म्हणजे शून्य नव्हे." काकांनी ते सुधारून छापलं, "नळ म्हणजे शून्य नव्हे." त्याखाली, "ज्या रकान्यात नळ आहे त्याची बेरीज होत नाही."

"काका, हे नल आहे," मी म्हटलं.

"नल राजा होता, दमयंतीचा. ह्या कागदावर कशाला येईल तो? नळच. घाईघाईत ळचा ल होतो तुम्हा पोरांचा."

बोटवाला दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला आणि तोंडावर रुमाल धरून हसत राहिला. काकांनी आकडेही सगळे मराठी केले होते, आज्ञांमधले सुद्धा. मराठी कागदावर इंग्रजी आकडे त्यांना बघवत नाहीत. पहिल्या पाच ओळी दाखव, असं मशीनला सांगताना त्यात मराठी पाच लिहिला तर मशीन चूक म्हणतं, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग मशीनला मराठी कोण शिकवणार? तुम्हीच ना?"  सगळं पुन्हा बदलून घेण्यात दुपार गेली आणि माझी तीनची गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात कच्ची प्रत तिघांसमोर टेबलावर ठेवून आम्ही शेवटचं वाचत होतो. तेव्हा मला दिसलं की टॉपरने लेफ्ट जॉईन काढला होता. आठ ओळी कापल्या त्यात तोही गेला होता आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

हे काय असतं ते सांगते. माहिती दोन तक्त्यांमध्ये असली तर ती जोडावी लागते. साध्या जोडणीत दोन्ही तक्त्यांमध्ये जे सापडतं तेवढंच उत्तरात येतं. लेफ्ट जॉईनमध्ये डाव्या बाजूच्या तक्त्यातलं सगळं येतं, उजवीकडे त्याचं काही सापडो न सापडो. न सापडलेल्यापुढे जागा मोकळी राहते. एवढंच. लिहायला एक शब्द जास्त.

"साधा जॉईन आहे की," टॉपर म्हणाली. "लेफ्टला उदाहरणासकट चार ओळी लागतात. आणि आतापर्यंतच्या प्रश्नांच्या स्लिपमध्ये तो एकदाही आलेला नाही. मी बघितलंय."

तिने खरंच बघितलं असणार. मी नेहमीसारखं "बरं" म्हणणार होते. पण मला आमच्या शिमग्याची आठवण झाली, आणि ती गोष्ट मी कॉलेजात कुणाला सांगितली नव्हती.

ते महिन्याभरापूर्वीचंच होतं. शिमग्यात आमच्या गावात देवीची पालखी घरोघरी जाते. कुठल्या घरापासून सुरू करायचं, कुठल्या वाडीनंतर कुठली वाडी, हे सगळं एका मानकरी आजोबांना तोंडपाठ. या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून ते मुंबईला मुलाकडे होते. गावकीचे अध्यक्ष आमच्या घरी आले आणि मला म्हणाले, तू कम्प्युटरला आहेस, तर यादी छापून दे. घरांचा क्रम, घरातल्या माणसाचं नाव, फोन. म्हणजे पालखी किती वाजता येईल ते फोनवर कळवता येईल.

मी नापास झाले होते हे त्यांना माहीत नव्हतं. मला वाटलं, ही यादी नीट झाली तर मला हे येतं असं निदान मला तरी कळेल. मी दोन तक्ते केले. एकात घरं, आजोबांना फोनवर विचारून, त्यांच्या क्रमाने. दुसऱ्यात माणसं, स्वतः घरोघरी फिरून. मग दोन्ही जोडले, साध्या जोडणीने. छान यादी आली. एकही चूक नाही असं मशीन म्हणालं.

पालखी निघाली. अध्यक्ष यादी हातात घेऊन पुढे. खालच्या वाडीत एका घराच्या अंगणात रांगोळी काढलेली होती, ताट भरून ठेवलेलं होतं, माणसं नवे कपडे घालून उभी होती. आणि पालखी त्या अंगणावरून सरळ पुढे गेली. यादीत ते घर नव्हतं.

वर्षभर बंद असतं ते घर. माणसं मुंबईला. मी फिरत होते तेव्हा कुलूप होतं, म्हणून माणसांच्या तक्त्यात त्या घराचं काहीच नव्हतं, आणि साध्या जोडणीने ते घरच उडवून टाकलं होतं. असं एकच घर नव्हतं, सहा होती. ज्या घरांची माणसं फक्त शिमग्याला आणि गणपतीला दार उघडायला येतात, नेमकी तीच सगळी.

त्या घरचे काका पालखीमागे धावत आले. यादी अध्यक्षांच्या हातातून घेऊन त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचली. मग माझ्याकडे बघितलं.

"आमचा घर कुठं गेला गो?"

मी त्यांच्या हातातल्या यादीत वाकून बघितलं.

"आज्याच्या वक्तापासना पालखी येते आमच्या दारात. तुझ्या कम्प्युटरला आमचा घर दिसला नाय?"

"त्याला फक्त उघडी दारा दिसतात," मागून कुणीतरी म्हणालं, आणि माणसं हसली. काका हसले नाहीत.

पालखी तोवर पुढच्या वाडीच्या वाटेला लागली होती. ती मागे फिरवायची की नाही यावर वाटेतच बोलणी सुरू झाली. आल्या वाटेने पालखी फिरत नाही, असं एक जण म्हणाला. दारात उभ्या माणसांना तसंच ठेवायचं का, असं दुसरा. शेवटी मुंबईला आजोबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, फिरवू नका, सड्यावरून वळसा घ्या आणि वरच्या अंगाने खाली उतरा, म्हणजे ती पुढे जातानाच त्या घराशी येईल. मग पालखी भर उन्हात सड्यावरून, उघड्या कातळावरून गेली. जांभा तापलेला होता आणि खांदे द्यायला बहुतेक मुंबईची माणसं होती, त्यांना अनवाणी चालायची सवय नाही. मी मागून चालत होते. जो तो वळून मला विचारत होता, "अजून किती घरा राहिलीत तुझ्या मशिनीत?" संध्याकाळपर्यंत मी हा प्रश्न निदान वीस वेळा ऐकला. शिमग्याला मुंबईहून आलेले बाबासुद्धा खांदेकऱ्यांत होते. ते माझ्याकडे बघायचं टाळत होते.

हे सगळं मी टॉपरला आणि बोटवाल्याला सांगितलं, मध्ये मध्ये थांबत, कारण मला सलग बोलता येत नाही. संपल्यावर टॉपर म्हणाली, "वाईट झालं. पण परीक्षेत पालखी येत नाही ना."

तिचं बरोबर होतं. मला तिचा राग आला तोही त्यामुळेच.

"बंदरावर पण तसाच होईल," बोटवाला म्हणाला. "आज किती मासळी आली त्याची यादी काढलीस, तर जी बोट रिकामी आली ती यादीतच नाय. बोट बुडाली का रिकामी आली, कसा कळायचा?"

"मग घ्या," टॉपर म्हणाली. "पण चार ओळी कुठल्या काढायच्या ते तुम्ही सांगा. मी नाही सांगणार. मला उद्या कुणी विचारलं तर?"

चार ओळींच्या दोनच चौकटी होत्या. एक गट आणि मोजणीची. ती काढली असती तर वर्गाने आम्हाला वर्गात येऊ दिलं नसतं. दुसरी तारखांची. तारखेतून महिना कसा काढायचा, दोन तारखांमधले दिवस कसे मोजायचे, वर्ष कसं वेगळं करायचं.

तारखांची ती चौकट मला हवी होती. बाकी सगळं मी इतक्या वेळा खोडून परत लिहिलं होतं की पानाची मला गरजच राहिली नव्हती. लेफ्ट जॉईन तर मी झोपेतही लिहिला असता. फक्त तारखांचं माझ्या डोक्यात टिकत नव्हतं. कंस कुठे, आधी काय, नंतर काय, रोज पाठ करायचे आणि रोज विसरायचे. म्हणजे जे मला येतं ते छापायचं आणि जे येत नाही ते काढायचं, आणि परीक्षा पास व्हायची माझीच राहिलेली. टॉपरला दोन्ही येत होतं. बोटवाल्याला दोन्हीची पर्वा नव्हती. मला सगळ्यांचाच कंटाळा आला होता, पानाचाही.

मी तारखांची चौकट खोडली. खोडताना म्हटलं, "करते मी पाठ." कुणी विचारलं नव्हतं.

शिक्के मारून पानं वाटली त्या दिवशी ग्रुपवर पहिला प्रश्न आला तो तारखांचा. बोटवाल्याने उत्तर दिलं, "समितीचा निर्णय." मग मला वेगळा मेसेज पाठवला, "समिती म्हणजे तू हां."

परीक्षेच्या दिवशी प्रत्येकाने प्रश्नांची एक स्लिप उचलायची असते. माझ्या स्लिपवर ग्रंथालयाचे दोन तक्ते होते, एक मुलांचा आणि एक दिलेल्या पुस्तकांचा. पहिला प्रश्न सोपा, दुसरा गट पाडून मोजायचा. ते झालं. तिसरा होता, मार्च महिन्यात दिलेल्या पुस्तकांची यादी काढा.

मी पान उलटं केलं. मग पुन्हा सुलटं केलं. तिथे काय आहे आणि काय नाही हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, तरी मी दोन्ही बाजू वरपासून खालपर्यंत वाचल्या. ब्रीदवाक्यही वाचलं. मला ब्रीदवाक्याचा राग आला, बोधचिन्हाचा आला, मग स्वतःचा आला. महिना काढायची आज्ञा मी तीनदा लिहिली आणि तिन्ही वेळा मशीन चूक म्हणालं. कंस आत घातला, बाहेर काढला. शेजारच्या मुलीचं सगळं संपलं होतं, ती केसांची पिन नीट लावत होती.

मग मी ते सोडून दिलं आणि नुसता पुस्तकांचा अख्खा तक्ता उघडून बघितला. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. तारखा ओळीने समोर आल्या. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये आडव्या रेघा. त्या बघत बसले तेव्हा कळलं की मला महिना काढायची गरजच नाही. एक मार्चपासून पुढच्या आणि एक एप्रिलच्या आधीच्या, अशा दोन अटी लिहिल्या की झालं. तारखा जशा दिसत होत्या तशाच लिहिल्या. यादी आली. मी ती बोटाने मोजून बघितली, पुन्हा तक्त्याशी ताडून बघितली. शिमग्यानंतर मी कुठल्याच यादीवर एकदम विश्वास ठेवत नाही.

परीक्षक बाहेरचेच होते, पण मागच्या वेळचे नव्हते. ते माझ्या मशीनपाशी येऊन उभे राहिले.

"हे एका फंक्शनने झालं असतं," ते म्हणाले.

"हो सर."

"मग?"

"आठवलं नाही सर. पानावर नव्हतं."

त्यांनी माझं पान उचललं. "तारखा नाहीतच का? कोणी केलंय हे?"

मॅडम दाराशी उभ्या होत्या. त्यांचं नाव पानावर नव्हतं, हे मला तेव्हा उगीचच आठवलं.

"मी काढल्या सर," मी म्हटलं. "जागा नव्हती."

"आणि लेफ्ट जॉईन ठेवलात. तो विचारतं का कोणी?"

"नाही विचारत सर."

"मग कशाला?"

समितीत मला जे नीट बोलता आलं नव्हतं ते मी तिथे बोलले. ठरवून नाही, बहुधा वैतागून. मी म्हटलं, "सर, तारखेचं चुकलं तर मशीन चूक दाखवतं. माझं आत्ता तीनदा दाखवलं. साध्या जोडणीत राहिलं तर काहीच दाखवत नाही. यादी येते, छान दिसते, फक्त त्यात काही जण नसतात. आणि ते नाहीत हे कळायला कुणाला तरी धावत यावं लागतं."

"म्हणजे?"

"म्हणजे बंद घरं, सर," मी म्हटलं, आणि मग ते त्यांना कळणार नाही म्हणून ग्रंथालयाचं सांगितलं. एकही पुस्तक न नेलेली मुलं.

"काढून दाखव त्यांची यादी."

त्यांनी पान माझ्यासमोर पालथं ठेवलं. मी लिहिली. चार मुलं निघाली.  सरांनी हातातल्या फाईलवर काहीतरी लिहिलं, तळहाताने झाकून, आणि पुढच्या मशीनकडे गेले.

बाहेर आल्यावर टॉपरने जिन्यात सगळ्यांना विचारून घेतलं. लेफ्ट जॉईन एकाच्याही स्लिपमध्ये नव्हता. तारखा तिघांच्या होत्या. त्यातला एक माझ्यासारखाच राहिलेला विषय सोडवायला बसला होता. तो माझ्यासमोर येऊन म्हणाला, "तुला नक्की काय हवं होतं गं?" मी सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "सॉरी काय, सॉरी," आणि निघून गेला. मी त्याला हाक मारली नाही. काय सांगणार होते. तेव्हा तर मलाही वाटत होतं की मी त्याचं आणि माझं दोघांचंही वर्ष एका पालखीपायी घालवलं.

निकाल लागला तेव्हा त्याचा नंबर यादीत होता. माझाही होता. मी दोन्ही बघितले, आणि मग वर्गातले बाकीचेही सगळे बघितले, एकेक नंबर बोट ठेवून, कुणी गळलंय का ते. तिसऱ्यांदा मोजत होते तेव्हा बोटवाला मागून म्हणाला, "अगो, पास झालीस ना? मग सरक की, मला बघूदे."

बाबांना फोन केला. त्यांनी मार्क विचारले नाहीत. "म्हणजे आता पुढच्या वर्षात?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. मागे भांड्यांचे आवाज येत होते. "थांब, हितं सांगतो," असं म्हणून त्यांनी फोन तसाच चालू ठेवला आणि कुणाला तरी सांगायला गेले. ते परत फोनकडे आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी प्रवेशाच्या खिडकीशी रांगेत उभी राहिले. माझा नंबर आल्यावर तिसऱ्या वर्षाचा फॉर्म आणि निकालाचा कागद आत सरकवला. खिडकीतल्या बाईंनी निकाल वाचला, फॉर्म वाचला, आणि दोन्ही बाहेर सरकवले.

"निकालाच्या दोन झेरॉक्स लागतील. पाठपोट नको, दोन वेगळी पानं."

मी खाली झेरॉक्स काढायला गेले.